पंचाहत्तर फुटांची वरात

"आपल्याकडं पोरं ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जोडतात, टेप मोठ्यानं लावतात आणि एका हातानं स्टेअरिंग धरून कारखान्याच्या काट्यावर जाऊन उभी राहतात. मला एक बोट ओढायला काय धाड भरलीय?"

दादाचा हा युक्तिवाद एप्रिलमधला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मूळचा कराडकडचा, आता बावीस वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोवायमध्ये. उसाच्या दिवसांत शाळा बुडवून ट्रॉलीवर बसलेला माणूस, त्यामुळं 'मागं काहीतरी ओढणे' या विषयात त्याचा आत्मविश्वास दांडगा. मी गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्यांचं काम करतो म्हणून त्यानं मला फोन केला. सल्ला विचारतोय असं म्हणाला. हवा होता होकार.

त्याच्याकडं डिझेल पिकअप आहे, इथं जिला अजूनही 'थ्री-क्वार्टर टन' म्हणतात त्या वर्गातली. दोन वर्षांपूर्वी त्यानं सेकंडहँड फिफ्थ व्हील घेतली, ३५ फुटी. फिफ्थ व्हील म्हणजे चाकांवरचं घरच, पण ते बंपरच्या मागं न जोडता पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या कपलरवर टेकतं. त्याचा किंगपिन, म्हणजे कपलरमध्ये अडकणारा लोखंडी खुंटा, हौद्यात, पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या जवळपास वर येतो. तिसरी वस्तू म्हणजे १८ फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट आणि तिचा एका ॲक्सलचा ट्रेलर. बेत असा: जुलैमध्ये आय-७५ महामार्गानं उत्तरेला, मॅकिनॉ पूल ओलांडून मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, म्युनिसिंगला चार दिवस, तिथून विस्कॉन्सिनमार्गे मिनेसोटातलं डुलुथ, आणि परतताना मिनियापोलिसला वहिनींच्या बहिणीकडं. आणि हे सगळं एकाच वरातीत: पिकअप, तिच्यामागं घर, घरामागं बोट.

परवाना

मिशिगनमध्ये लायसन्स सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून मिळतं. फिफ्थ व्हील एकटी ओढायची तर दादाचं साधं लायसन्स पुरत होतं. तिच्यामागं आणखी एक ट्रेलर जोडायचा म्हटलं की लायसन्सवर 'आर' हा शेरा लागतो, रिक्रिएशनल डबलचा. वय किमान १८ आणि एक लेखी परीक्षा. दादानं दोन संध्याकाळी अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाला आणि शेऱ्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. कराडहून मावशीचा फोन आला की नवीन नोकरी लागली का म्हणून.

त्या शेऱ्यामागच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. मधलं वाहन फिफ्थ व्हीलच हवं. ही अट उगाच घातलेली नाही. बंपरमागं बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, जोडलेला ट्रेलर पिकअपच्या मागच्या चाकांपासून चार-पाच फूट मागं वळतो, त्यामुळं त्याच्या शेपटीला बांधलेला दुसरा ट्रेलर हलला की तो हेलकावा पिकअपच्या ढुंगणापर्यंत येतो. किंगपिन मात्र ॲक्सलच्या डोक्यावर असल्यामुळं पिकअपला आडवं ढकलायला त्याला तरफच मिळत नाही. पुढची अट लांबीची: तिन्ही मिळून ७५ फूट. पिकअपची ओढण्याची क्षमता दोन्ही ट्रेलरांच्या वजनाला पुरी पडली पाहिजे. मागच्या ट्रेलरचं भरलेलं वजन रिकाम्या पिकअपपेक्षा किंवा रिकाम्या फिफ्थ व्हीलपेक्षा जास्त नको. प्रत्येक जोडणीला सुरक्षा साखळ्या हव्यात. आणि मला सगळ्यात आवडलेली अट: सरळ, सपाट, डांबरी रस्त्यावर मागचं वाहन पुढच्याच्या मार्गापासून कोणत्याही बाजूला ३ इंचांपेक्षा जास्त सरकता कामा नये. तीन इंच म्हणजे हाताची चार बोटं.

व्यापारी लायसन्सचा प्रश्न दादाच्या एका मित्रानं काढला होता. त्याची रेघ २६,००१ पौंडांवर आहे, तीही ओढलेलं वजन १०,००० पौंडांच्या वर असेल तर. दादाच्या तिन्ही वाहनांवर छापलेल्या कमाल वजनांची बेरीज होत होती २४,३००. शिवाय स्वतःच्या सहलीसाठीच चाललेलं प्रकरण. तो विषय तिथंच संपला.

राज्याची हद्द ओलांडली की काय होतं, हे दादानं पाहिलंच नव्हतं. लायसन्स सगळीकडं चालतं, पण तीन वाहनांची साखळी चालते की नाही हे ज्याच्या रस्त्यावर आहात ते राज्य ठरवतं. मिनेसोटात चालते, पण तिथली लांबीची मर्यादा मिशिगनपेक्षा कमी आहे, आणि मिनियापोलिसच्या भोवतालच्या सात काउंट्यांमध्ये कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अशी साखळी रस्त्यावर आणायचीच नाही. म्हणजे मेहुणीच्या घरी पोचायची वेळ मेहुणीनं नाही, विधिमंडळानं ठरवलेली. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, फ्लोरिडात तर घरामागं बोट जोडणंच चालत नाही. फ्लोरिडाचं ऐकून दादा जरा खट्टू झाला. डिसेंबरमध्ये तिकडं जायचा बेत मनात होता.

टेप आणि काटा

मे महिन्यात एका शनिवारी मी त्याच्याकडं गेलो. घरापुढं एवढी जागा नव्हती म्हणून जवळच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिन्ही वाहनं जोडून उभी केली. दादानं माहितीपत्रकांवरून हिशेब करून ठेवला होता: पिकअप २१, घर ३५, त्यातले ४ फूट हौद्यावर येतात म्हणून वजा, बोटीचा ट्रेलर २१. एकूण ७३. दोन फूट शिल्लक.

शंभर फुटी टेप लावली. माझा पुतण्या पुढच्या बंपरपाशी टोक धरून उभा, मी मागं. ७५ फूट ७ इंच.

घोळ केला होता बोटीच्या मागच्या काठाला टांगलेल्या आउटबोर्ड इंजिननं. प्रवासात ते वर उचलून ठेवतात, आणि उचललं की ते आडवं होऊन बोटीच्या मागं अडीच फूट बाहेर येतं. ट्रेलरच्या माहितीपत्रकात इंजिन कुठून असणार? दादानं लगेच इंजिन अर्ध्यावर खाली घेतलं, आधाराची दांडी लावली, पुन्हा मोजलं. ७४ फूट ११ इंच. "बसलं!" म्हणाला. एका इंचानं कायद्यात बसलं खरं, पण आता इंजिनाचं खालचं पातं जमिनीपासून वीतभर अंतरावर होतं, आणि कुठल्याही पेट्रोल पंपाचा चढ त्याला खरवडणार होता.

मग काटा. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर इथं सार्वजनिक वजनकाटे असतात. कारखान्याच्या काट्यावर सगळी ट्रॉली एकदम मोजतात. इथं काट्याचे तीन-चार स्वतंत्र तुकडे असतात, त्यामुळं पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. बोट न जोडता, पण सहलीला निघाल्यासारखं सगळं भरून आम्ही गेलो: चौघंजण, जनरेटर, हत्यारं, बर्फाच्या पेट्या, टाकीत ६० गॅलन पाणी. पावती आली. पिकअपच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून १०,८८० पौंड, घराच्या ॲक्सलवर ८,३२०.

दादानं पहिल्यांदा बेरीज केली. १९,२००. त्यात बोट आणि तिच्या ट्रेलरचे २,८०० मिळवले तर बरोबर २२,०००, म्हणजे दहा टनांच्या आसपास. ओढायचं वजन १३,२००, आणि पिकअपच्या माहितीपत्रकात क्षमता लिहिलेली १७,०००. कायद्याची अट पुरी झाली. त्याचा चेहरा खुलला.

मी त्याला ड्रायव्हरचं दार उघडायला लावलं. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. त्यावर लिहिलेलं होतं की या गाडीत माणसं आणि सामान मिळून २,१५० पौंडांच्या वर घालू नका. रिकामी गाडी ७,८५०, कमाल १०,०००, म्हणून हा आकडा. त्यातून चौघांचे ५६०, हौद्यातल्या कपलरचे १५० आणि हौद्यातल्या सामानाचे २४० वजा जाता उरले १,२००. आणि किंगपिननं हौद्यावर टाकलेला भार? भरलेलं घर १०,४०० चं, त्यातले ८,३२० स्वतःच्या चाकांवर, बाकीचे २,०८० पिकअपच्या पाठीवर. म्हणजे बोट जोडायच्या आधीच, दोन वर्षं, दादा पिकअपवर ८८० पौंड जास्त घेऊन फिरत होता.

ओढण्याची क्षमता आणि पाठीवर घेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैल मोठी गाडी ओढेल, पण तेवढं ओझं तुम्ही त्याच्या पाठीवर ठेवत नाही. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, दुसरा दाराच्या फटीत.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते बघू. बोटीचं सांग."

उलाळ

बोटीचं सांगायचं तर चालवून बघायला हवं होतं. पुढच्या रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, तिन्ही जोडून आय-९६ नं हॉवेलच्या दिशेनं निघालो. फक्त दादा आणि मी. घरामागं काय चाललंय हे ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही. साडेआठ फूट रुंद भिंत मधे असते. म्हणून बोटीकडं तोंड केलेला एक कॅमेरा घराच्या मागच्या भिंतीवर लावला होता, आणि त्याचा पडदा माझ्या मांडीवर.

पंधरा-वीस मैल उत्तम गेले. वेग ६०. दादा निवांत, गाणं गुणगुणत. मग मागून एक मोठा ट्रक आला आणि डावीकडून पुढं जाऊ लागला. असा ट्रक जवळ येताना त्याच्या तोंडापुढची हवा आधी आपल्याला बाहेर ढकलते आणि तो बाजूनं जाताना आत ओढते. पिकअपला ते जाणवलं नाही. घराला किंचित. पडद्यावर मात्र बोटीचं शेपूट उजवीकडं गेलं, परत आलं, डावीकडं जास्त गेलं, परत उजवीकडं त्याहून जास्त. चार बोटांचा हिशेब केव्हाच संपला होता. हातभर तरी असेल.

"दादा, हलतीय."

त्याचा पाय ब्रेककडं गेला. ही अगदी नैसर्गिक चूक आहे आणि सगळ्यात वाईट. पुढचं वाहन जोरात थांबायला लागलं की मागचं त्याला ढकलतं आणि हेलकावा वाढतो. मी "ब्रेक नको, पाय काढ" असं ओरडलो आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हातानं दाबली. ही पट्टी पिकअपला न लागता फक्त घराचे इलेक्ट्रिक ब्रेक लावते. बोटीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक नव्हते. पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला बहुतेक वेळा सर्ज ब्रेक असतात, म्हणजे पुढचं वाहन मंदावलं की ट्रेलर बॉलवर दाबला जातो आणि त्या दाबानं त्याचे हायड्रॉलिक ब्रेक आपोआप लागतात. त्यामुळं पट्टी दाबली तेव्हा घर मंदावलं, घरामुळं बोट मंदावली, पिकअप आणि घर यांच्यातली जोडणी मागून ताणली गेली. पन्नासच्या खाली आल्यावर शेपूट सरळ झालं. सगळं मिळून सात-आठ सेकंद. दादाचं गाणं तोवर थांबलं होतं.

इथं ट्रॅक्टरचं उदाहरण पुन्हा काढायला हवं, कारण ते खोटं नाही. दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर जातो तो ताशी २० किलोमीटरनं. आम्ही होतो जवळजवळ १०० वर. वेग पाचपट म्हणजे थांबवायची ऊर्जा पंचवीसपट. आणि हेलकाव्याचं गणित याहून वाईट असतं: प्रत्येक साखळीचा एक वेग असतो, त्याच्या खाली हेलकावा आपोआप विरतो आणि त्याच्या वर आपोआप वाढतो. ट्रॅक्टर त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. टेप लावून जाणाऱ्या त्या पोरांना हा धोका कधी भेटतच नाही. त्यांचे धोके वेगळे, चढावर पुढची चाकं उचलणं, रात्री मागं रिफ्लेक्टर नसणं.

हॉवेलला डिझेल घ्यायला वळलो आणि दुसरा धडा फुकटात मिळाला. पंपाच्या रांगेत पुढं एक गाडी बंद पडलेली. मागं यायला हवं होतं. एक ट्रेलर मागं घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं हे दादाला सवयीचं होतं. दुसरा ट्रेलर त्या उलट्याचंही उलटं करतो, आणि तो तुम्हाला दिसत नाही. तीन फूट मागं गेलो आणि बोट काटकोनात. शेवटी बोट सोडवली, दोघांनी ढकलत बाजूला नेली, घर मागं घेतलं, फिरून येऊन पुन्हा जोडली. चाळीस मिनिटं. कारखान्याच्या आवारातही ड्रायव्हर मागची ट्रॉली सोडूनच पुढची मागं घेतात, याची दादाला तेव्हा आठवण झाली. आधी झाली असती तर बरं.

घरी आल्यावर बोट का हलली ते शोधायला बसलो. ट्रेलरची दांडी, म्हणजे बॉलवर बसणारं पुढचं टोक, बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवली. बोट नि ट्रेलर २,८०० पौंडांचे, म्हणजे दांडीवर निदान दहा टक्के, २८० तरी यायला हवेत. काट्यानं दाखवले १६०.

दादा काट्याकडं वाकून बघत होता. एकदम सरळ झाला. "आरं, ही तर उलाळ हाय की!"

बैलगाडीत मागच्या बाजूला माल जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं. तिला उलाळ गाडी म्हणतात. लहानपणी उसाच्या मोळ्या रचताना आजोबा त्याला याच शब्दानं शिव्या द्यायचे. ट्रेलर सरळ चालावा म्हणून त्याचा भार किती पुढं हवा, यावर मी त्याला अर्धा तास आकृत्या काढून समजावलं होतं आणि त्याचं लक्ष नव्हतं. एका शब्दात त्याला सगळं कळलं. बोटीत मागच्या बाजूला पेट्रोलची भरलेली टाकी, बर्फाची पेटी, नांगर आणि पोरांची पाण्यावरची ट्यूब ठेवलेली होती. ते सगळं नाकाकडं सरकवलं, टाकी निम्मी केली. दांडीवर २८० आले.

"मिटलं," दादा म्हणाला.

नव्हतं मिटलं. घराच्या किंगपिनपासून त्याच्या चाकांचं अंतर २२ फूट, आणि चाकांपासून मागचा बॉल १२ फूट. बॉलवर २८० पौंड टाकले की ती पहार होते: मागं दाबलं की पुढं उचलतं. २८० ला १२ नं गुणून २२ नं भागा, १५३ येतात. तेवढा किंगपिन वर उचलला जातो. पिकअपचा मागचा भाग थोडा वर येतो, ड्रायव्हरला वाटतं गाडी हलकी झाली, छान झालं. तो भार गेला कुठं? घराच्या चाकांवर. तिथं आधीचे ८,३२०, बोटीचे २८० आणि उचललेले १५३ मिळून ८,७५३ झाले. त्या दोन ॲक्सलांची मर्यादा प्रत्येकी ४,४००, एकूण ८,८००. शिल्लक ४७ पौंड. एक ओली मासेमारीची जाळी आणि दोन जोड बूट.

बोट उलाळ ठेवली तर ती हलते. सरळ केली तर घराच्या टायरांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्या टायरांविषयीही सांगायला हवं. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ६५ मैल असते, आणि उत्तरेकडं आय-७५ वर पाटी ७५ ची आहे. ट्रकना मात्र तिथंही ६५ च.

कॅमेऱ्यात न दिसणारं

तोवर मला जी गोष्ट खटकत होती ती आकड्यांत नव्हती. घर सेकंडहँड. बॉल बसवायचा चौकोनी हिच आधीच्या मालकानं लावून घेतलेला. त्यावर क्षमतेची पट्टी नव्हती. मी टॉर्च घेऊन खाली शिरलो.

फिफ्थ व्हीलची चौकट चाकांपर्यंत भक्कम असते, कारण सगळा भार किंगपिन आणि चाकं यांच्यामध्ये असतो. चाकांच्या मागं ती घराची मागची भिंत आणि फार तर जादा टायर धरण्यापुरती. कित्येक कंपन्या मागं काही ओढायला परवानगीच देत नाहीत. काही फक्त सायकलींच्या रॅकपुरती देतात. इथं चौकटीच्या दोन्ही पट्ट्यांना एक आडवा नळ वेल्ड केलेला होता आणि त्याला हिच. उजवीकडच्या वेल्डला रंग केसाएवढ्या रेषेनं तडकलेला. रेषेतून गंजाचा तांबूस ओघळ खाली आलेला, दोन इंच. बोटानं पुसला, बोट तांबडं झालं. गंज जुना होता, म्हणजे ती चीर आमच्या रविवारच्या फेरीत पडलेली नव्हती. रविवारी आम्ही तिच्यावर बोट लटकवून साठच्या वेगानं गेलो होतो.

बोटीच्या साखळ्या कुठं अडकवल्या होत्या? त्याच आडव्या नळाच्या कड्यांना. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी केबल? तीही तिथंच. नळ गेला असता तर साखळ्या, केबल आणि बोट एकत्रच गेली असती, आणि दादाला पहिल्यांदा कळलं असतं ते मागच्या गाडीच्या हॉर्नवरून.

दादाला खाली बोलावलं. तो पाठीवर पडून बराच वेळ त्या रेषेकडं बघत राहिला. कायदा जोडणी पुरेशी मजबूत हवी म्हणतो. तेवढं लिहून कायदा मोकळा. लेखी परीक्षेत वेल्डवर प्रश्न नव्हता. लांबी, वजन, क्षमता, शेरा, सगळ्यात दादा पास होता, एका इंचानं का होईना.

ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या एकाला दाखवलं. त्यानं दोन पर्याय दिले: मागची चौकट चाकांपर्यंत नव्यानं मजबूत करायची, तरीही कंपनीची मान्यता मिळणार नाही, किंवा हिच कापून टाकायचा. दादानं विचार करायला आठवडा मागितला.

निर्णय वहिनींनी केला. त्यांची सात सीटची एसयूव्ही दारात उभी होती, ओढण्याची क्षमता ५,०००, दांडीवर ५०० पर्यंत चालतं. बोट आणि ट्रेलर २,८००, दांडीवर २८०. एकच हलका ट्रेलर, लायसन्सवर कुठला शेरा नको, कुठल्या राज्यात अडचण नको.

"भाऊजी, एप्रिलपासून तुमचं मोजमाप चाललंय," त्या मला म्हणाल्या, "पण माझी गाडी मोजायला कुणी आलं नाही."

खरं होतं. दोन ड्रायव्हर असलेल्या घरात आम्ही दोघंही एका ड्रायव्हरचंच गणित मांडत होतो.

त्यांनी दोन रविवार शाळेच्या पार्किंगमध्ये शंकू मांडून सराव केला. स्टेअरिंगच्या तळाला हात धरायचा आणि ट्रेलर जिकडं जायला हवा तिकडं हात सरकवायचा, एवढी एक युक्ती मी सांगितली. बाकी त्यांचं त्यांनी जमवलं. बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घेतलं, सुटा टायर घेतला, निघाल्यावर प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या चाकाच्या तुंब्याला हात लावून तो तापलाय का बघायची सवय लावली. आता ते चाक त्यांच्या आरशात दिसत होतं, ही निम्मी सुरक्षितता.

याचा दुसरा फायदा पिकअपला झाला. वहिनी आणि दोन्ही पोरं एसयूव्हीत गेली, सामानही. घरातलं ५०० पौंड पाणी मुक्कामावर भरायचं ठरलं, आणि कपाटांतून ६०० पौंडांचं असं सामान निघालं, ज्यात ओतीव लोखंडाचे चार तवे आणि एक आख्खं कॅरमबोर्ड होतं. पुन्हा काट्यावर गेलो. घर ९,३०० वर आलं, किंगपिनवर १,७९०. दादा आणि कपलर मिळून ३३०. बेरीज २,१२०, स्टिकरवर २,१५०. दोन वर्षांत पहिल्यांदा गाडी दाराच्या चौकटीत लिहिल्याप्रमाणं भरली होती. तीस पौंडांची सवलत पाहून दादानं विचारलं, "जेवून निघालो तर चालंल न्हवं?"

हिच कापला. तो तुकडा त्यानं गॅरेजमध्ये ठेवलाय.

जुलैत मॅकिनॉ पुलावर दोन्ही गाड्या एकामागं एक लागल्या. १९५७ साली खुला झालेला, जवळजवळ ८ किलोमीटरचा हा पूल. आतल्या मार्गिकेत खाली लोखंडी जाळी, तिच्यातून पाणी दिसतं, आणि वारा वाढला की उंच गाड्यांना आधी थांबवतात नि मग सोबत देऊन सोडतात. त्या दिवशी वारा नव्हता. टोल ॲक्सलवर असतो, तेव्हा दर ॲक्सलला २ डॉलर होता. पिकअप आणि घराचे चार, एसयूव्ही आणि बोटीचे तीन. चौदा डॉलर.

पुलापलीकडं सेंट इग्नेसला चहाला थांबले तेव्हा दादानं फोन केला. एकत्र जोडून आणली असती तर ॲक्सल पाच, दहा डॉलरात काम झालं असतं, असा हिशेब त्यानं ऐकवला. मागून वहिनींचा आवाज आला, त्या कुणाला तरी सांगत होत्या की बोट उतारावरून पाण्यात मागं घ्यायची असेल तर ह्यांना नका बोलावू, मला सांगा.